दरवानाचा चहा

कैरोतल्या त्या जुन्या इमारतीचा दरवान हमदून दाराशी चहा पीत बसला होता. मालकीणबाई नाझली हानिम मैत्रिणीला सांगतच आत आल्या, "काल टीव्हीवर शाकिर दहबचा तो जुना सिनेमा पाहिला. दरवान झालाय, पण काय रुबाब! मालक ओरडतो, तरी गडी चहा संपवूनच उठतो. म्हणून तर लोक जीव टाकतात त्याच्यावर." मग वळून म्हणाल्या, "हमदून, पिशव्या वर ने."

"चहा संपला की नेतो, बाईसाहेब."

"फार शेफारलास. उद्यापासून गावाला जाऊन पी चहा."

हमदूनने आणखी एक सावकाश घोट घेतला.

 

"जाईन की. पण त्या सिनेमाआधी शाकिरसाहेब तीन महिने इथे माझ्याशेजारी बसत होते, दरवान कसा असतो ते शिकायला."