चकतीवरची रांगोळी

सिलिकॉनची चकती नववीतल्या ऋजुताच्या पायावर पडली, तेव्हा प्रयोगशाळेत कुणाचंच लक्ष नव्हतं. नखाएवढ्या त्या चकतीवर सुट्टीतल्या शिबिरातल्या सगळ्या मुलांनी मिळून केसाहूनही बारीक रांगोळी उमटवली होती. उद्या प्रदर्शन होतं. पाय लागला म्हणून तिनं सवयीनं ग्लोव्ह काढला, चकतीला बोटं लावून नमस्कार केला आणि ती गुपचूप जागेवर ठेवली.

आता मायक्रोस्कोपच्या पडद्यावर रांगोळीच्या मधोमध बोटाचा ठसा पसरला होता.

"हात कुणी लावला?" सरांनी विचारलं.

"पाय लागला होता, सर." ऋजुता म्हणाली. "म्हणून पाया पडले."

सरांनी पडद्यावरचा ठसा मोठा करून पाहिला.

"पायानं काही बिघडलं नव्हतं गं. नमस्कारानं गेलं."