दार राहू दे

घराचं दार गुडघाभर बर्फात रुतलं होतं. मिस्त्रीने खांदा लावला, तेव्हा कुठे ते कुरकुरत उघडलं.

छावणीतलं सरपण सकाळीच संपलं होतं. पुरवठ्याचा ट्रक घाटात अडकलेला, आणि आचारी तापाने फणफणून तंबूत पडलेला. "खालचं गाव ओस पडलंय. मिळेल ते लाकूड आणा," हवालदाराने फर्मावलं होतं. म्हणून मिस्त्री आणि लंबू कुऱ्हाडी घेऊन उतरले होते. लढाई सुरू होण्याआधी मिस्त्री सुतारकाम करायचा. इथे आल्यापासून त्याचे हात नुसते शिवशिवत असत. पण ते असल्या कामासाठी नव्हे.

आधी कपाट फुटलं. मग पलंग, मग भिंतीवरच्या फळ्या. कुणीतरी जीव ओतून सांधे बसवले होते. मिस्त्री घाव घालायचा आणि तोंड फिरवायचा. लंबूचं काम मात्र सपासप चाललं होतं.

"आता दार," लंबू म्हणाला. "जुनं, सुकलेलं लाकूड. चांगलं जळेल."

"दार राहू दे."

"का बाबा? आत राखायला उरलंय काय?"

"कोणी परत आलं, तर उघडायला काहीतरी नको?"

लंबू हसायला गेला, पण मिस्त्रीचा चेहरा बघून त्याने कुऱ्हाड खाली घेतली. मिस्त्रीने उंबऱ्यावरचा बर्फ बुटाने खरवडला, दार ओढून घेतलं, कडी घातली.

मोळ्या ओढत दोघे चढ चढू लागले. मिस्त्रीचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिकडे बायको नुसतं दार लोटून निजत असेल. 'तुम्ही येईपर्यंत कडी घालायची नाही मी,' असं निघताना म्हणाली होती. आणि ती कुणाचं ऐकणारी थोडीच!

दिवस मावळायच्या आत मोळ्या संपल्या. आचाऱ्याचे दात वाजत होते. तापाच्या भरात तो चहा पाणचट झाला म्हणून सगळ्यांची माफी मागत होता. एरवी त्या चहावरून त्याला रोज शिव्या पडायच्या. आज कुणी हसलं नाही.

हवालदार डोकावला. "तिथे आणखी काही उरलंय?"

लंबूने मिस्त्रीकडे पाहिलं.

"नाही साहेब," मिस्त्री म्हणाला.

हवालदार गेला. मिस्त्री तंबूत येरझारा घालत राहिला. दोनदा बाहेर जाऊन आला. मग त्याने खाटेखालून आपली लाकडी पेटी ओढली. घर सोडायच्या आदल्या आठवड्यात ओसरीवर बसून केलेली, आतून बायकोने रंगवलेली. आतले कपडे खाटेवर ओतून त्याने ती शेगडीजवळ आणली आणि कुऱ्हाड उचलली.

"अरे अरे! ही तुझ्या घरची ना?" लंबू ओरडला.

"हो. ही माझी आहे."

पहिला घाव चुकला.