गव्यांना मारलेली हाक

वणव्यात वृंदा गेल्याचं शिवरामला कळलं, त्याच दिवशी हेही कळलं, की गवे मात्र एकूणएक वाचले. त्यांच्या कानांत बसवलेल्या यंत्रांतून तिचा आवाज त्यांना वाट दाखवत होता.

तेराव्यानंतर तिचा तो ध्वनिमुद्रित आवाज बंद करायला शिवराम ती काम करायची त्या जंगलातल्या केंद्रावर आला. बायकोच्या आवाजावर आता हक्क त्याचा होता.

"दादा, पावसाळ्यापर्यंत थांबा," तिचा सहकारी तायडे म्हणाला. "हे गवे हिरव्या रानात चरतात आणि जळक्या डोंगरावर शेण टाकतात. त्यातूनच तिथं बी पडतं. वहिनींच्या हाकेशिवाय ते तिकडं फिरकतसुद्धा नाहीत."

"कशी हाक मारते ती?"

तायडेने बटण दाबलं. गव्यांच्या कानांतली हाक खोलीतल्या स्पीकरवरही आली. "अहो, उठा ना! या इकडे!"

शिवरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो? अहो म्हणजे मी! जनावरांना कशाला अहो?"

तायडे कसंनुसं हसला. "म्हणायच्या, घरी या हाकेला कुणी उठत नाही. इथं तरी उठतात."

खिडकीबाहेर एक थोराड गवा उठला आणि डोंगराकडे चालू लागला. शिवराम जळफळत त्याच्याकडे बघत राहिला. आपणही खुर्चीतून उठलोय, हे त्याला मागाहून कळलं.

आवाज बंद करायचं अजून राहिलंच आहे.