लिंबोणीचा ताण

मोगऱ्यावर नऊ कळ्या होत्या, शेवग्यावर तीन तुरे, आणि आंब्याचा मोहोर मोजण्यापलीकडचा. लिंबोणीवर मात्र एकही फूल नव्हतं.

"ही यंदाही फुलली नाही, तर होळीत घालतो," बाबा म्हणाले.

पाणी तोडून झाडाला ताण दिला की फुलं येतात, असं बाबांना समजावून मी पाणी बंद केलं होतं. तरी आळं रोज ओलंच सापडायचं. मला चैन पडेना. शेवटी मी पहाटेच परसात गेले, तर बाबाच बादली ओतत होते.

"सुकलीय गं बिचारी."

"तुम्हाला तोडायचीय ना ती? मग तिची तहान कशाला बघता?"

आठवड्याने गल्लीतले लोक होळीसाठी लाकडं मागायला आले. बाबांनी त्यांना स्वतःची आरामखुर्ची दिली.

मी आळ्यात बोट खुपसलं. दोन पेरांपर्यंत माती कोरडी होती.