साक्षीचा कागद

मनीषाने दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. एक कालचा, शरणपूर रस्त्यावरच्या लॅबमधला. दुसरा बावीस वर्षांपूर्वीचा, घड्यांवर फाटलेला. सरुबाईने तो आज सकाळच्या जीपने सुरगाण्याहून आणला होता. दोन्हींवर नाव एकच होतं. जुना सांगत होता, सिकलसेल, आईबाप दोघांकडून आलेला. नवा सांगत होता, कसलाही दोष नाही.

सरुबाई भिंतीकडे बघत होती. "हे काय किडेमुंग्या काढल्यात?"

"ग्रीक अक्षरं आहेत, आये."

वर्षभर मनीषा तीच गिरवत होती, बायबलचा नवा करार मूळ भाषेत वाचण्यासाठी. ईश्वरविज्ञानाच्या महाविद्यालयात सुरगाण्याकडची एकही मुलगी अजून गेली नव्हती. अर्ज आज पाचपर्यंत द्यायचा होता. त्यासोबत वैद्यकीय दाखला आणि साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते स्वतःच्या हाताने लिहून. साक्ष तिला तोंडपाठ होती. आठ वर्षांची असल्यापासून ती दर नाताळला उभी राहून सांगायची: आईबाप दिंडोरीला द्राक्षबागेत कामाला गेलेले, तान्ही मनीषा तिथे मरणाला टेकलेली, आणि इकडे अख्खी वाडी तिचं नाव घेत तीन दिवस उपाशी. चैत्रात ती हसत परत आली. पावसाळ्याआधी वाडीतल्या अकरा घरांनी बाप्तिस्मा घेतला.

फोन वाजला. वाडीतल्या चर्चचे पाळक मंगळूकाका होते. नवा रिपोर्ट तिने त्यांना सकाळीच कळवला होता.

"अगं, रक्तच बदललं देवानं! दोन्ही रिपोर्ट जोड अर्जाला. आता तुझ्यापुढं कोणाचा नंबर लागतो तेच बघतो मी!"

तिने "हो काका" म्हटलं आणि फोन ठेवला.

ताप उतरतो. जखम भरते. पण हा दोष रक्तात असला तर मरेपर्यंत रक्तातच राहतो, हे तिने बी.एस्सी.च्या पेपरात आकृती काढून लिहिलं होतं. तरी स्वतःची तपासणी तिने कधी केली नव्हती. साक्ष तपासून बघायची नसते, असं मंगळूकाका म्हणायचे.

"आये, हा जुना रिपोर्ट माझा नाही."

सरुबाईने पदर तोंडाला लावला. भिंतीकडेच बघत राहिली.

"आये."

"तीन दिवस काढले माझ्या पोरीनं," सरुबाई म्हणाली. "इकडं वाडी उपाशी बसलेली तेच तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी गेली. बागेच्या कडंला, पाण्याच्या टाकीमागं पुरली तुझ्या बानं."

मनीषाने जुन्या रिपोर्टवरचं नाव पुन्हा वाचलं.

"तू शेजारच्या झोपडीत होतीस. तुझी आई दोनच दिवस झाले कामावर आलेली. एकटीच. साप डसला, पान लागलं तिला. तू तिच्या अंगावर पडून दूध शोधत होतीस, आणि माझी छाती दुखत होती दुधानं."

"मग वाडीत कोणी ओळखलं नाही?"

"सहा महिन्यांत पोर केवढं बदलतं! आणि डोकं भादरलेलं. जीपमधून उतरले, तर मंगळूभाऊ धावत आले. 'उठली गं, उठली!' बाया रडायला लागल्या. म्हातारे गुडघ्यावर. मी तोंड उघडणार, तर तुझा बा हळूच म्हणाला, राहू दे." ती थांबली. "मरेस्तोवर त्यानं कोणाला सांगितलं नाय."

साडेतीन वाजले होते. साक्षीचे चार कागद टेबलावर होते, सुवाच्य अक्षरात लिहिलेले. पहिलंच वाक्य होतं, 'देवाने माझं नाव ऐकलं.' मनीषाने ते कागद उलटे करून ठेवले. जुना रिपोर्ट घडी घालून आईच्या हातात दिला. मग एक कोरा कागद ओढला. त्यावर 'मी' लिहिलं आणि पेन थांबलं.

"आये, माझं नाव काय होतं?"

सरुबाईने घडी केलेला रिपोर्ट छातीशी धरला.

"तुला हाक मारणारी मेली होती, पोरी. मी कोणाला इचारणार होते?"