दसऱ्याचं झाकण

माणसाचं मन आणि मोटरसायकलचा कार्बोरेटर, दोन्ही वेळच्या वेळी साफ करावीत, असं मधुसूदनरावांचं ठाम मत होतं. त्यांतला कार्बोरेटर ते बायकोच्या टूथब्रशने करत.

आज त्या बायकोच्या, हेमलताच्या, भाचीचा साखरपुडा. हेमलता पैठणी नेसून तयार, आणि काळा धूर ओकून बंद पडलेल्या गाडीचा कार्बोरेटर तिच्या पोळपाटावर. स्वयंपाकघरभर पेट्रोलचा वास सुटला होता.

“आता अख्खा कार्बोरेटरच बदलावा लागणार,” ते ब्रश चालवत म्हणाले.

“अहो, आधी एअर फिल्टरचं झाकण तरी उघडा!”

“त्यावर दसऱ्याला कुंकवाचं स्वस्तिक काढलंय. पुसलं जाईल.”

“माझ्या ब्रशचं वाटोळं झालेलं चालतं!”

शेवटी तिनेच स्क्रूड्रायव्हर घेऊन झाकण काढलं. आत कुरतडलेला फिल्टर, पूजेच्या अक्षता, सडका झेंडू, लेंड्या आणि मधोमध उंदराची वळवळणारी गुलाबी पिल्लं. हवेची वाटच बुजली होती. तिने पदर नाकाला लावला, मग पैठणी आठवून सोडला.

“तरी मला वाटलंच, हवा कमी पडतेय,” मधुसूदनराव म्हणाले.

रिक्षाने पोचेपर्यंत साखरपुडा उरकला होता. कार्बोरेटर मुळात स्वच्छच होता.