गल्लीचा फोन

फायबरवाला दुपारी येणार होता, म्हणून रोहिणी जुन्या लँडलाईनची वायर भिंतीवरून उपटून काढत होती. एके काळी शिरूर कासारच्या त्या अख्ख्या गल्लीत हा एकच फोन होता. ऊसतोडीला गेलेल्या कुणाचा फोन आला, की तिचे सासरे सुंदरराव दारातून हाक मारून ज्याच्या त्याला बोलवायचे.

शेजारच्या सत्यशीलाला मात्र त्या दिवशी त्यांनी हाक मारली नाही. तिचा नवरा अंगद परगावच्या टोळीबरोबर कर्नाटकात गेला होता. तो ट्रॅक्टरखाली सापडून मेल्याचा निरोप आला, तेव्हा ती पोटुशी होती. सुंदररावांची जीभच रेटेना. पुढं ती विचारायला आली की, "लाईन खराब हाय," एवढंच ते सांगत राहिले.

"मामा, कपाटामागं ही वायर कुणीतरी ब्लेडनं कापलीय की!" रोहिणी म्हणाली.

सुंदररावांनी वर पाहिलं, तर दारात सत्यशीला उभी. तिनं वायरीचं टोक हातात घेतलं, निरखून बघितलं, आणि कितीतरी वर्षांनी हसली.

"म्हंजे ते फोन करतच व्हते, तात्या! हितंच वाजत नव्हता. नव्या लाईनीला नंबर जुनाच ठेवा बरं का."